लायसन्स तीन महिने काढून घ्या, पण तारीख घालून: परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य
मा. अपर पोलीस महासंचालक (वाहतूक), महाराष्ट्र राज्य

विषय: मद्यपान करून वाहन चालवल्याच्या प्रकरणांत जप्त होणाऱ्या लायसन्सच्या सुनावणीला मुदत घालून देण्याबाबत.

महोदय,

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स काढून घेऊ नका, असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. 2022 या एका वर्षात देशाच्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, हा केंद्र सरकारचाच आकडा. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात वकिली करतो, मोटार वाहन कायद्याचे खटले हे माझं रोजचं काम आहे आणि अशा आकड्यांमागचे पोस्टमॉर्टेमचे कागद मला हाताळावे लागतात. कायदा कडक आहे, तो कडकच राहू दे. पण पहिल्या वेळेला लायसन्स तीन महिने जाईल असं कायदा म्हणत असेल, तर ते तीनच महिने जावं. त्या तीन महिन्यांना सुरुवातीची तारीख असावी आणि शेवटचीही. आज या दोन्ही तारखा ना पोलिसांना सांगता येतात, ना आरटीओला, ना ज्याचं लायसन्स गेलंय त्याला.

पत्र खुलं ठेवलंय, कारण ज्यांची लायसन्सं जातात त्यांनीही ते वाचावं. त्यातल्या बहुतेकांना कोर्ट वेगळं आणि लायसन्स वेगळं हेच ठाऊक नसतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम 185 आपल्याला मी काय सांगणार, पण वाचणाऱ्यांसाठी लिहितो. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 दंड, किंवा दोन्ही. सप्टेंबर 2019 पूर्वी पहिल्या वेळेचा दंड 2,000 पर्यंत होता. सिग्नल तोडल्यावर जशी चौकात पावती फाडून सुटका होते तशी इथे होत नाही. जागेवर तडजोड करता येणाऱ्या गुन्ह्यांची जी यादी कलम 200 मध्ये आहे, तिच्यात 185 नाही. म्हणून माणूस कोर्टात येतो, पिंजऱ्यात उभा राहतो, ‘गुन्हा कबूल’ म्हणतो, उसनेपासने आणलेले पैसे भरतो, पावती खिशात घालतो आणि बाहेर पडताना माझ्यासारख्याला विचारतो, “साहेब, आता लायसन्स कुठं मिळंल?”

खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. दंड हा कोर्टाचा विषय. लायसन्स कलम 206 च्या पोटकलम 4 प्रमाणे पोलिसांनी जप्त करून आरटीओकडे पाठवायचं असतं, आणि कलम 19 प्रमाणे निर्णय आरटीओतल्या परवाना अधिकाऱ्याने करायचा असतो. त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायचं, मग एक तर त्याला मोकळं करायचं, नाहीतर सविस्तर लेखी कारणं देऊन पहिल्या वेळेला तीन महिने अपात्र ठरवायचं. दुसऱ्यांदा सापडला तर लायसन्स रद्दच. कोर्टालाही कलम 20 खाली अपात्र ठरवण्याचा अधिकार आहे, तो वेगळा. म्हणजे एका रात्रीच्या फुंकीतून दोन फायली निघतात, दोन इमारतींमध्ये जातात आणि एकीतलं दुसरीला कळत नाही.

आता मुद्द्याची ओळ. इतर बऱ्याच प्रकरणांत पोलिसांनी लायसन्स ठेवून घेतलं तर जी तात्पुरती पोच देतात, तिच्यावर गाडी चालवता येते. 206(4) खाली दिलेल्या पोचेवर चालवता येत नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय: लायसन्स परत मिळेपर्यंत ही पोच गाडी चालवण्याचा अधिकार देत नाही. ठीक आहे. पिऊन चालवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा चाकामागे बसू देऊ नये, हा हेतू रास्तच आहे. पण याचा अर्थ असा की शिक्षा जप्तीच्या क्षणीच सुरू झाली. सुनावणी व्हायची आहे, निर्णय व्हायचा आहे, माणूस दोषी आहे की नाही हेही ठरायचं आहे, आणि त्याची गाडी उभी आहे. सुनावणी किती दिवसांत घ्यायची, हे कलम 19 सांगत नाही. म्हणून ती आठ दिवसांत होऊ शकते आणि आठ महिन्यांतही होऊ शकते.

माझ्याकडे आलेल्या एका टेम्पोवाल्याचं सांगतो. भाजीपाला मार्केट यार्डातून उचलून गावोगावच्या बाजारात पोचवायचा, एवढाच त्याचा धंदा. गाडी स्वतःची, हप्ता चालू. गटारीच्या रात्री मेव्हण्याकडे जेवला, जेवणाआधी प्यायला, परतताना नाकाबंदीत सापडला. श्वास तपासणाऱ्या मशीनचा आकडा चाळिसाच्या वर. खोटं बोलण्यात त्याला रस नव्हता, “घेतली होती,” म्हणाला. चार-सहा दिवसांत कोर्टात जाऊन दंड भरून मोकळा झाला. तेव्हा तो माझ्याकडे आलेला नव्हता. आला तो दसऱ्याच्या सुमाराला, लायसन्सचा पत्ता लागेना म्हणून. वाहतूक शाखेत सांगत, पाठवलंय. आरटीओच्या खिडकीवर सांगत, आलेलं नाही. मग कळलं, आलंय पण चढवलेलं नाही. नोटीस दिवाळीनंतर आली. सुनावणीला आम्ही दोघं गेलो, ती उभ्या उभ्या उरकली आणि आदेश झाला: आदेशाच्या तारखेपासून तीन महिने अपात्र. गटारीला गेलेलं लायसन्स शिमग्याला परत आलं. तीन महिन्यांची शिक्षा त्याने सात महिने भोगली, आणि त्यातले चार महिने कोणत्याही कागदावर नाहीत.

त्या फाइलीत एक गोष्ट मी मुद्दाम बघितली. मशीनमधून निघणारी चिठ्ठी उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर असते, एटीएमच्या पावतीसारख्या. ती पंचनाम्याला टाचणीने लावलेली होती आणि त्यावरचं सगळं उडून गेलेलं होतं. उजेडासमोर तिरकी धरली तर तारखेचे दोन आकडे दिसत होते, बाकी कोरा पिवळट कागद. परवाना अधिकाऱ्याने ज्या आकड्यावर निर्णय घ्यायचा तो आकडा त्या दिवशी जगात फक्त पोलिसांच्या हस्ताक्षरात उरला होता. माझ्या अशिलाने तो नाकारला नाही म्हणून निभावलं. नाकारला असता तर? चिठ्ठीची झेरॉक्स त्याच रात्री काढून ठेवायला किती खर्च येतो?

तुम्ही म्हणाल, आकड्याबद्दल वाद घालायचा म्हणजे दारुड्याला पळवाट द्यायची. थोडं थांबा. मशीन रक्त मोजत नाही, श्वास मोजतं. श्वासातल्या अल्कोहोलवरून रक्तातलं किती असेल ते एका ठरावीक गुणोत्तराने काढतं, बहुतेक मशीनमध्ये 2100 ला 1. हे गुणोत्तर सरासरी माणसाचं. तोंडात नुकतंच काही गेलेलं असेल, माउथवॉश, खोकल्याचं औषध, शेवटचा घोट, तर फुफ्फुसातल्या हवेआधी तोंडातली वाफ मोजली जाते आणि आकडा फुगतो. म्हणून फुंक मारायला सांगण्याआधी पंधरा मिनिटं थांबण्याची पद्धत जगभर आहे. फुंकीआधी मशीनने मोकळी हवा ओढून शून्य दाखवायला हवं, नाहीतर आधीच्या माणसाचा अंश नंतरच्याच्या माथी बसायचा. शिवाय मशीनचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर मोजतंय का याची तपासणी, वेळेवर झालेलं हवं. यातलं काहीही 90 किंवा 140 आकडा आलेल्या माणसाला वाचवणारं नाही. पण 33 आणि 36 च्या घरातल्या माणसाबाबत हाच सगळा निर्णय आहे. आणि सुनावणी म्हणजे तरी काय, या दोन माणसांतला फरक बघणं.

महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये म्हटलं होतं की तोंडाला वास येणं, चालताना तोल जाणं, बाहुल्या मोठ्या दिसणं एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असं पक्कं धरता येत नाही, तपासणी हवी. त्यानंतर मशीन आली, श्वासतपासणीचं कलम 203 आलं, रक्ततपासणीचं 204 आलं. 185 खाली विनावॉरंट अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी व्हायलाच हवी, नाही झाली तर त्याला सोडून द्यावं लागतं, हे कलम 202 मध्ये आहे. कायदा करणाऱ्यांनी तासांचा हिशेब ठेवलाय, कारण रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण 15 मिलिग्रॅमने उतरतं आणि उशिरा घेतलेला नमुना खरं सांगत नाही. अटकेनंतर दोन तास मोजणारा कायदा जप्तीनंतरच्या सुनावणीचे दिवस मात्र मोजत नाही. ही फट परिपत्रकाने बुजवता येण्यासारखी आहे आणि ती आपल्याच हातात आहे.

नमुन्याची गोष्ट निघालीच आहे तर पुण्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. 19 मे 2024 ला कल्याणीनगरमध्ये दोन तरुण इंजिनियर एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शेखाली मेले. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातले डॉक्टर अटकेत गेले. जामिनाची अट म्हणून त्या मुलाला लिहायला सांगितलेल्या निबंधाची तेव्हा अख्ख्या राज्याने चेष्टा केली. मला त्या प्रकरणातून वेगळंच दिसलं. प्रक्रिया सैल असली की ती पैसेवाल्याच्या बाजूने सैल होते आणि बिनपैशाच्या गळ्याभोवती आवळते. माझ्या टेम्पोवाल्याने ना नमुना बदलला, ना खोटा साक्षीदार आणला, आणि सात महिने घरी बसला.

मग ज्यांना घरी बसणं परवडत नाही ते काय करतात? दोन गोष्टी करतात, आणि दोन्ही आपल्या डोळ्यांसमोर चालतात.

एक म्हणजे एजंट. आरटीओच्या भिंतीला टेकून उभा असलेला कुणीतरी सांगतो, “लायसन्स सोडवून देतो, आदेश निघूच देत नाही.” खरं बघितलं तर त्याच्या हातात काही नसतं. फाइल पडून आहे हे त्याला ठाऊक असतं, ती कधीतरी हलणार हेही ठाऊक असतं, आणि ती हलली की तो म्हणतो, मी हलवली. उशीर हाच त्याचा माल आहे. सुनावणीची तारीख जप्तीच्या पोचेवरच छापलेली असेल तर त्याने विकायचं काय?

दुसरं म्हणजे मोबाइल. प्लॅस्टिकचं कार्ड पोलिसांच्या लिफाफ्यात, आणि डिजिलॉकरमध्ये तेच लायसन्स हिरवंगार. केंद्राच्या नियमांप्रमाणे डिजिटल लायसन्स कार्डाइतकंच ग्राह्य आहे. जप्ती झाली की ती ई-चलन यंत्रणेतून लायसन्सच्या ‘सारथी’ पोर्टलवर नोंदवायची सोय आहे, 2020 पासून अपात्र ठरवलेल्या आणि रद्द केलेल्या लायसन्सचा तपशील पोर्टलवर ठेवायचा असा नियमही आहे. पण नोंद पडायला महिने लागतात तोवर हुशार माणूस पुढच्या नाक्यावर फोन दाखवून निघून जातो. साध्या माणसाला वाटतं, कार्ड गेलं म्हणजे गेलं. तो घरी बसतो. म्हणजे आपल्या व्यवस्थेत तीन महिन्यांची शिक्षा नेमकी त्यालाच होते ज्याला कायदा पाळायचा आहे. हे लिहिताना मला राग येतोय, तो लपवत नाही.

फोन दाखवून चालवणाऱ्यांनाही इथेच सांगतो, कारण ते माझ्याकडे नंतर रडत येतात. 206(4) खाली जप्ती झालेली असताना तुम्हाला चालवायचा अधिकार नाही, फोनमध्ये काहीही दिसो. अपात्र ठरवल्यावर चालवलंत तर कलम 182 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 दंड वेगळा. आणि त्या काळात एखाद्याला उडवलंत तर विमा कंपनी फार तर मेलेल्याच्या घरच्यांना पैसे देईल आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करेल. घर विकलं जातं अशाने. एका रात्रीची दारू तुम्ही तोवर विसरलेले असता.

लायसन्स पोलिसांनीच ‘निलंबित’ केल्याचे शिक्के असलेली कागदपत्रंही मी पाहिली आहेत. 2022 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की पोलिसांना लायसन्स जप्त करून पुढे पाठवता येतं, निलंबन किंवा रद्द करणं हे काम परवाना अधिकाऱ्याचं. कायद्याची भाषाही तीच आहे. चौकातल्या हवालदाराला उगाच जास्तीचा अधिकार दिल्याने त्याचं ओझंही वाढतं आणि कोर्टात तो कागद टिकतही नाही.

तीन महिन्यांचा आग्रह कुठून आला हेही माहीत असायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने, तिचे तेव्हाचे अध्यक्ष न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन, ऑगस्ट 2015 मध्ये राज्यांना कळवलं की दारू पिऊन चालवणं, सिग्नल तोडणं, अतिवेग, मोबाइलवर बोलणं अशा गुन्ह्यांत लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. दारूच्या बाबतीत तर पहिल्याच वेळेला कैद मागा, असंही समितीने सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीत तीन महिने कायद्यात आले. समितीचा भर धाक बसावा यावर होता, आणि धाक बसतो तो शिक्षा पटकन आणि ठरलेली असली तर. पकडल्यानंतर आठवड्याभरात सुनावणी, महिन्याच्या आत आदेश, अमुक तारखेला परत, अशी शिक्षा माणूस दहा जणांना सांगतो. “अजून आरटीओतच पडलंय” ही शिक्षा तो सांगतो तेव्हा ऐकणारा हसतो आणि एजंटाचा नंबर देतो.

आता मागण्या. फार नाहीत आणि कायदा बदलायला लागणार नाही.

206(4) ची पोच मराठीत असावी आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असावं की या पोचेवर गाडी चालवता येणार नाही. आज छोट्या इंग्रजी ओळीखाली सही घेतली जाते, आणि निम्म्याहून जास्त लोक ती पोच लायसन्स म्हणून खिशात बाळगतात. त्याच पोचेवर सुनावणीची तारीख, वेळ आणि आरटीओचं नाव असावं. जप्तीनंतर पंधरा दिवसांच्या आतली तारीख. वाहतूक शाखेला आपल्या आरटीओचा आठवड्यातला एक वार ठरवून दिला तर तारीख घालायला फोनसुद्धा करावा लागणार नाही. त्या वारी गैरहजर राहील त्याचा निर्णय त्याच्या पाठीमागे होऊ दे, त्यात माझं काही म्हणणं नाही.

मशीनची चिठ्ठी, मशीनचा क्रमांक आणि कॅलिब्रेशनची तारीख यांची एक प्रत तिथेच त्या माणसाला द्यावी. फोटो काढून त्याच्या फोनवर पाठवली तरी चालेल. पोलिसांना लपवण्यासारखं काही नसतं, बहुतेक वेळा त्यांचा आकडा बरोबरच असतो. मग तो द्यायला काय हरकत?

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: आदेशात तीन महिने मोजायचे ते जप्तीच्या तारखेपासून. फौजदारी कायद्यात कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 428 ने व्हायचे, आता नव्या संहितेच्या 468 ने होतात. खुनाच्या आरोपीला हे मिळतं. टेम्पोवाल्याला का नाही? परवाना अधिकाऱ्याला आदेशात तसं एक वाक्य लिहायला कायद्यात कुठेही मनाई नाही. आपल्या कार्यालयाकडून सूचना गेली तर उद्यापासून ते लिहितील. वरून काही आलेलं नाही म्हणून ते लिहीत नाहीत, एवढंच.

मनुष्यबळ कमी आहे, हे उत्तर मला अपेक्षित आहे आणि ते खोटं नाही. आरटीओतल्या निरीक्षकांवर फिटनेस, लायसन्स चाचण्या, रस्त्यावरची तपासणी, सगळंच आहे. पण 185 ची सुनावणी म्हणजे काही खटला नव्हे. पंचनामा, चिठ्ठी, माणूस समोर, पाच प्रश्न, एक पान आदेश. आज हेच काम आधी फाइल शोधण्यात, मग पत्र लिहिण्यात, मग खिडकीवर वाद घालण्यात चौपट वेळ खातं.

ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांना चार शब्द. कोर्टात गुन्हा कबूल करायचा की नाही ते वकिलाला विचारून ठरवा. ‘दंड भरून टाक, विषय संपला’ असं म्हणणारा मित्र तुमच्या पुढच्या वेळेला दोन वर्षांच्या कैदेत बसणार नाही. आज शिक्षा झाली की पुढची वेळ ‘दुसरी’ धरली जाते आणि दुसऱ्या वेळेला लायसन्स रद्द होण्याची पाळी येते. फुंक मारायला नकार देऊ नका, कलम 205 प्रमाणे तो नकारच तुमच्याविरुद्ध धरता येतो. पोच जपून ठेवा, तिचा फोटो काढा. नोटीस आली तर तोंडी उत्तर देऊन येऊ नका, लेखी द्या आणि पोच घ्या. पहिलीच वेळ आहे का, गाडी हेच पोटाचं साधन आहे का, मशीनबद्दल शंका आहे का, जप्ती कधीची, हे सगळं त्यात तारखांसह लिहा. अधिकाऱ्याला तुम्हाला मोकळं करण्याचाही अधिकार आहे, हे विसरू नका. पण त्यासाठी त्याच्यासमोर काहीतरी कागद हवा, नुसतं हात जोडून चालत नाही. आदेश हातात पडल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं, म्हणून आदेश ज्या दिवशी घेतला ती तारीख त्यावर सहीशेजारी लिहा. निलंबनाच्या काळात उजळणी प्रशिक्षण करावं लागतं, तेही शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आणि रात्री दोनपर्यंत प्यायल्यावर सकाळी सहाला गाडी काढताना ‘झोप झाली’ हा हिशेब करू नका. शरीर आपल्या वेगाने उतरवतं, काळी कॉफी आणि आंघोळ त्याला घाई करत नाहीत.

रिक्षा, टॅक्सी, एसटी आणि शाळेच्या बसचे चालक या पत्रात मी मुद्दाम वेगळे काढलेले नाहीत. त्यांच्याबाबत तुम्ही आणखी कडक व्हा, माझी तक्रार नाही. ज्याच्या मागे वीस पोरं बसलेली आहेत त्याला सवलत मागायला मी येणार नाही. पण त्यांचीही सुनावणी तारखेला होऊ द्या. बॅज, म्हणजे चालकाचा बिल्ला, गेलेला माणूस पहिले दोन आठवडे घरी बसतो, नंतर दुसऱ्याची गाडी चालवायला लागतो, आणि ती कुणाच्या नावावर कुठे धावते ते मग कुणालाच कळत नाही.

हे परिपत्रक येत्या 31 डिसेंबरच्या नाकाबंदीपूर्वी निघावं अशी विनंती आहे. त्या एका रात्रीत राज्यभर किती लायसन्सं जमा होतात ते आपल्याकडे नोंदलेलं असेलच. त्यातल्या प्रत्येकाच्या पोचेवर जानेवारीतली एक तारीख घातलेली असू द्या. पोचेचा मसुदा हवा असेल तर तो मराठीत तयार आहे, एका पानात बसतो, आपण सांगाल त्या कार्यालयात आणून देतो.

आपला,
मोटार वाहन खटले चालवणारा एक वकील
पश्चिम महाराष्ट्र